तारा निघाल्या, पण प्लेट मोडली तर?

दातांच्या तारा निघतात तो दिवस घरात सणासारखाच असतो. दीड-दोन वर्षं दर महिन्याला घातलेल्या डॉक्टरांच्या फेऱ्या, ठणकणाऱ्या हिरड्या, मऊ भातावर काढलेले दिवस आणि हप्त्याहप्त्याने भरलेले पैसे, सगळ्याचं चीज झालं असं वाटतं. मुलगी दहा वेळा आरशात बघते, आजी दृष्ट काढते. या आनंदात डॉक्टरांनी हातात दिलेल्या छोट्याशा डबीकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. त्या डबीत रिटेनर असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला नुसतं 'प्लेट' म्हणतात.

आणि मग एक दिवस ती प्लेट मोडते. कुणाच्या उशीखाली सापडून, कुणाच्या पायाखाली येऊन, तर कुणाच्या घरच्या कुत्र्याने चावून. 'दात तर सरळ झालेच आहेत, आता नसली प्लेट तर काय बिघडलं?' असा विचार करून आपण ती गोष्ट पुढे ढकलतो. खरं म्हणजे बिघडायला सुरुवात होते ती इथूनच. म्हणून डहाणू-तलासरीसारख्या ठिकाणी, जिथे दात सरळ करणारा तज्ज्ञ दर गल्लीत बसलेला नसतो, तिथे घरच्या बाईला या बाबतीत चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

चिकूचं कलम आणि दात

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्या मध्ये बारीक तंतूंचं अस्तर असतं आणि दात त्यावर तोललेला असतो. तारेने दाब दिला की एका बाजूचं हाड थोडं विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं हाड भरतं आणि दात हळूहळू सरकतो. तारा निघतात तेव्हा दात नव्या जागी आलेला असतो, पण आजूबाजूचं हाड पक्कं झालेलं नसतं. हिरड्यांतले तंतू तर ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. हे तंतू नव्या जागेला रुळायला कित्येक महिने, कधी कधी वर्षभरही लागतं.

आपल्या घोलवड-बोर्डीकडच्या बायकांना हे समजावून सांगायला नकोच. चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. ते नुसतं हिरवं दिसलं म्हणून कुणी लगेच त्याची काठी काढून घेतं का? मूळ धरेपर्यंत वाऱ्यात त्याला आधार लागतो. रिटेनर ही दाताची काठी आहे.

तारा निघाल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत नाजूक. या काळात पुष्कळ डॉक्टर जेवणाची वेळ सोडून दिवसभर प्लेट घालायला सांगतात आणि नंतर फक्त रात्री. किती वर्षं, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील. पण आता बहुतेक तज्ज्ञांचं म्हणणं असं, की दात सरळ राहायला हवे असतील तोवर रात्रीची प्लेट सोडू नये. कारण दात जन्मभर थोडेथोडे सरकत असतात. ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे पटाशीचे दात वय वाढेल तसे दाटीवाटी करू लागतात. याचं खापर पूर्वी अक्कलदाढेवर फोडत, पण ते मुख्य कारण नाही, असं आता दंतवैद्य सांगतात.

तुमच्याकडची प्लेट कोणती?

मोडल्यावर काय करायचं हे प्लेटच्या प्रकारावर अवलंबून आहे, म्हणून आधी प्रकार ओळखावा.

पहिली गुलाबी किंवा रंगीत प्लेट. टाळूला चिकटून बसणारा अॅक्रिलिकचा तुकडा आणि पुढच्या दातांवरून जाणारी स्टीलची तार. हिला हॉले रिटेनर म्हणतात. चार्ल्स हॉले नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९१९ साली हिची माहिती प्रसिद्ध केली आणि शंभरावर वर्षं उलटली तरी ती टिकून आहे. मजबूत असते आणि मोडली तर बऱ्याचदा दुरुस्त होते.

दुसरी पारदर्शक प्लेट. काचेसारखी दिसते, दातांवर टोपीसारखी बसते. घातल्याचं कळतही नाही म्हणून मुलींना हीच आवडते. पण प्लास्टिक पातळ असल्याने ती झिजते, तडकते आणि एकदा तडकली की सहसा सांधता येत नाही, नवीच करावी लागते.

तिसरी पक्की तार. पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, बहुधा खाली एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, बारीक तार चिकटवून टाकतात. ती हरवत नाही, विसरत नाही. पण एका दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला तर तो कळत नाही आणि तेवढाच दात गुपचूप वळायला लागतो. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा जिभेने आणि स्वच्छ बोटाने ती तार चाचपून बघण्याची मुलांना सवय लावावी.

मोडली! आता पहिल्या तासात काय?

प्लेट तोंडात असताना मोडली तर आधी सगळे तुकडे बाहेर काढा आणि जुळवून बघा. एखादा तुकडा कमी वाटला तर 'गेला असेल पोटात' म्हणून सोडून देऊ नका. मूल खोकत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, घशात किंवा छातीत टोचत असेल तर वेळ न घालवता डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा, १०८ नंबरची गाडी बोलवा. त्रास नसला तरी डॉक्टरांना विचाराच. जाताना उरलेले तुकडे बरोबर न्या. अॅक्रिलिक आणि प्लास्टिक एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे गिळलेला तुकडा केवढा असेल हे उरलेल्या तुकड्यांवरूनच समजतं.

तुकडे पुरे असतील तर ते डबीत ठेवा. फोनवर दोन-तीन फोटो काढून तारा लावणाऱ्या डॉक्टरांना पाठवा आणि फोन करा. बारीक चीर असेल, कड टोचत नसेल आणि प्लेट नीट बसत असेल तर काही डॉक्टर दुरुस्तीपर्यंत तीच घालायला सांगतात. पण हा निर्णय त्यांचा. दोन तुकडे झालेली, धार आलेली किंवा डुगडुगणारी प्लेट तोंडात घालू नये, आणि झोपताना तर मुळीच नाही.

पक्की तार सुटून टोचत असेल तर टोकावर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा आणि भेटीची वेळ घ्या. तार घरी कापू नका. कापलेला तुकडा घशात जाण्याची भीती असते.

घरात एखादी जुनी प्लेट असेल तर ती डॉक्टरांना विचारून घालून बघता येईल. पारदर्शक अलायनरने दात सरळ केले असतील तर त्यातला शेवटचा संचही नवी प्लेट येईपर्यंत उपयोगी पडू शकतो. जुनी प्लेट थोडी घट्ट वाटली पण पूर्ण बसली तर ठीक. बसतच नसेल, फार दुखत असेल तर जोर करू नका. दात सरकले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

हे उद्योग नकोत

आपल्या घरांत मोडलेली वस्तू टाकायची नाही, जोडायची, हा संस्कार आहे. तो चांगलाच. पण प्लेट म्हणजे कपाचा कान नव्हे.

फेविक्विकसारख्या गोंदाने प्लेट चिकटवू नका. तो तोंडात घालण्यासाठी बनवलेला नाही. शिवाय सांधा केसभर जरी चुकला तरी प्लेट दाताला भलत्याच दिशेला ढकलते, आणि गोंद लागलेली प्लेट पुढे डॉक्टरांनाही दुरुस्त करता येत नाही.

वाकलेली तार पकडीने सरळ करू नका. ती जिथे वाकलेली दिसते तिथे बहुतेकदा मुद्दामच वाकवलेली असते.

वाकडी झालेली प्लेट गरम पाण्यात घालून 'बसवू' नका. बाळाची दुधाची बाटली उकळतो तशी प्लेट उकळायची नसते. गरम पाण्याने तिचा आकार कायमचा बिघडतो.

आणि थोरल्या बहिणीची जुनी प्लेट धाकटीला, हा काटकसरीचा विचार तर मनातही आणू नका. प्लेट ही ज्याच्या त्याच्या दातांच्या मापाची असते.

रागावण्याआधी दिवस मोजा

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती एक निळी डबी बाकावर काढून ठेवायची, प्लेट त्यात टाकायची आणि मग जेवायची. मध्ये बरेच दिवस ती डबी दिसेना. विचारलं तर म्हणाली, "घरी ठेवते बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ घेऊन विचारलं, तेव्हा तिने कंपासपेटी उघडली. कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये कागदाच्या पुडीत प्लेटचे दोन तुकडे.

"बाई, घरी नका ना सांगू. पप्पांनी अजून शेवटचा हप्तासुद्धा भरला नाहीये."

वडील फुग्यांच्या कारखान्यात, आई शिवणकाम करणारी. पोरीच्या दातांना एवढा खर्च कशाला, म्हणून नातेवाइकांनी आधीच नाकं मुरडलेली. त्या मुलीने एकोणीस दिवस ते तुकडे लपवले होते. हसताना ती तोंडावर हात घ्यायला लागली होती, पूर्वी घ्यायची तसाच.

मी तिच्या आईला भेटले. बाई शहाणी. ऐकून क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मोडली ते मोडली. पण हिला मला सांगावंसं वाटलं नाही, हे वाईट झालं." त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेल्या. वरचा एक दात किंचित वळला होता. डॉक्टरांनी नवं माप घेतलं आणि नव्या प्लेटमध्ये एक छोटी स्प्रिंग बसवून दिली. काही आठवड्यांत दात जागेवर आला. आणखी चार-सहा महिने गेले असते तर कदाचित पुन्हा तारांवर वेळ आली असती.

म्हणून मूल प्लेट मोडून आलं तर पहिला प्रश्न 'कशी मोडलीस?' हा नको. 'कधी मोडली?' हा विचारा. डॉक्टरही तेच विचारणार आहेत. मार आणि बोलणी खाण्याच्या भीतीने जे दिवस जातात, त्यांची किंमत नव्या प्लेटपेक्षा जास्त असते. नवी प्लेट करायला खर्च येतो हे खरं, पण दोन वर्षांच्या उपचाराच्या मानाने तो थोडा असतो. आणि तो किती, हे आधी विचारायला संकोच कसला? माप घेण्यापूर्वीच स्पष्ट विचारावं. दुरुस्ती होईल का, नवीच लागेल का आणि किती दिवसांत मिळेल, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

जायचं कुठे?

सर्वांत बरं म्हणजे ज्यांनी तारा लावल्या त्यांच्याकडेच. त्यांच्याकडे कागदपत्रं, एक्स-रे आणि दातांचे साचे असतात. पण नवऱ्याची बदली झाली, डॉक्टरांनी गाव सोडलं, असं घडतंच. साधं माप घेऊन प्लेट करून देणं हे गावातले नेहमीचे दंतवैद्यही करतात. मात्र दात सरकलेले असतील तर दात सरळ करण्याच्या शास्त्रात एम. डी. एस. झालेले तज्ज्ञ, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, गाठावेत. डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, हेही बघावं. बाजारात पेटी मांडून बसणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

डहाणूहून मुंबईची लोकल २०१३ पासून थेट सुरू झाली, तेव्हापासून मुंबई सेंट्रलजवळचं नायर दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आणि बोरीबंदरजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आपल्या आवाक्यात आलं आहे. चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो. पण खाजगी खर्च झेपत नसेल तर तो दिवस मोडण्यात तोटा नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी लवकर आटोपते, म्हणून पहाटेची गाडी धरावी. तलासरीला रेल्वे नाही, पण महामार्गावरून वापी जवळ पडते आणि पुष्कळ घरं दवाखान्यासाठी तिकडेच जातात. कुठेही जा, मोडलेले तुकडे, जुनी फाइल आणि घरात असेल तर दातांचा साचा बरोबर न्या.

माप कसं घेतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटची पूड पाण्यात कालवतात, ते पिठल्यासारखं मिश्रण साच्यात घालून दातांवर दाबतात आणि दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होतं. त्या वेळी नाकाने शांत श्वास घेतला आणि मान किंचित पुढे झुकवली की ओकारी येत नाही. मग त्यात प्लास्टरसारखी पूड ओतून दातांचा साचा तयार करतात. तो साचा डॉक्टर देत असतील तर मागून घ्या आणि कापसात गुंडाळून कपाटात ठेवा. दात हलण्याआधी प्लेट मोडली तर त्याच साच्यावर नवी करता येऊ शकते. आता काही दवाखान्यांत माप कॅमेऱ्याने घेऊन कॉम्प्युटरवर ठेवतात. तसं असेल तर तेही विचारून घ्या. ऐपत असेल तर एकाच मापावर दोन प्लेटा करून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

सासरी गेलेली प्लेट

हा विषय मुलांपुरताच नाही. लग्न ठरायच्या आधी दात सरळ करून घेणाऱ्या मुली आता आपल्या भागातही बऱ्याच आहेत. पण माहेरून साड्या येतात, भांडी येतात, प्लेटची डबी मात्र माहेरीच राहते. किंवा येते आणि ट्रंकेच्या तळाशी जाते.

माझ्या ओळखीची बोर्डीकडची एक मुलगी तलासरीला दिली. पहिल्या आठवड्यात तिने प्लेट धुऊन मोरीत वाटीत ठेवली, तर सासूबाईंनी विचारलं, "अगं, या वयात कवळी?" घरात हसू झालं. सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ही इतकी शरमली की तिने प्लेट घालणंच बंद केलं. बाळाच्या बारशाचे फोटो आले तेव्हा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला स्वच्छ दिसत होता. मग पुन्हा उपचार, पुन्हा खर्च, आणि तोही तान्हं बाळ घरी ठेवून.

दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. 'माझ्या दातांना तारा होत्या, म्हणून रात्री ही प्लेट लावते.' चश्म्याची लाज वाटत नाही, मग हिची का? आणि सासूबाईंनीही सुनेची डबी चश्म्याच्या डबीसारखीच बघावी. दिवस राहिल्यावर मळमळ आणि उलट्यांमुळे प्लेट सोसत नसेल तर परस्पर बंद करू नका. डॉक्टरांशी बोला, त्या काळात काय करायचं ते सांगतील.

मोडूच नये म्हणून

एकच नियम घरात घालून द्या: प्लेट एकतर तोंडात, नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही. कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेली प्लेट उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाते. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला निघताना, लग्नाच्या पंगतीत, गाडीत, डबी पर्समध्ये असलीच पाहिजे.

प्लेट काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांपासून सैल करावी. एका बाजूने ओढली की तडकते. जिभेने वरखाली उडवत बसायची मुलांना खोड असते, ती मोडावी.

जेवताना काढावी. गरम चहाच्या वेळीही काढावी, नाहीतर आकार बिघडतो आणि डागही पडतात. फोडणीच्या हळदीच्या हातांनी पारदर्शक प्लेट धरू नये, पिवळी पडते.

रोज साध्या पाण्याने, मऊ ब्रशने आणि थेंबभर सौम्य साबणाने धुवावी. पारदर्शक प्लेटला टूथपेस्ट नको, तिने बारीक चरे पडतात. पांढरा थर जमला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पंधरा-वीस मिनिटं भिजवावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. उन्हाळ्यात खिडकीच्या कठड्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नये.

पक्की तार असेल तर ऊस दाताने सोलणं, भाजलेले चणे, चिक्की, सुक्या चिकूच्या चिवट फोडी जपून. मक्याचं कणीस दाणे काढून खावं, पेरूच्या फोडी कराव्यात.

आणि आजच एक काम करा. डबीच्या झाकणाला आतून कागद चिकटवून त्यावर मुलीचं नाव, तुमचा फोन नंबर आणि दंतवैद्याचा फोन नंबर लिहून ठेवा. प्लेट हरवली तर सापडणारा तुम्हाला फोन करील, आणि मोडली तर कुठे फोन करायचा हे शोधत बसावं लागणार नाही.